एक विषय सोडला, की कोणते दार बंद होते?

दहावीचा निकाल लागला की आपल्या मोहल्ल्यांत दोन दिवस पेढे वाटले जातात. तिसऱ्या दिवशी घरात प्रश्न निघतो, "आता पुढे काय?" आणि बहुतेक घरांत त्याचे उत्तर दहा मिनिटांत ठरते. कॉलेज जवळ आहे म्हणून आर्ट्स. चुलतभावाने घेतले होते म्हणून सायन्स. गणिताची भीती वाटते म्हणून गणित नको. ज्या मुलाला बूट घेऊन देताना आपण चार दुकाने फिरतो, त्याचे पुढचे चाळीस वर्षांचे काम ठरवताना आपण शेजाऱ्याच्या ओट्यावरून उठतही नाही.

जालना जिल्ह्यातील पालक आमच्याकडे जे प्रश्न घेऊन येतात, त्यांपैकी बहुतेक टक्क्यांविषयी असतात. किती टक्क्यांना कुठे प्रवेश मिळेल? पण टक्के कमी पडले तर पुढे भरून काढता येतात. सोडलेला विषय भरून काढणे फार अवघड असते. म्हणून या अंकात आम्ही टक्क्यांपेक्षा विषयांचा विचार करणार आहोत. नववी-दहावीत कोणते विषय असतात, अकरावीत काय निवडावे लागते आणि कोणता विषय सोडला की कोणते दार बंद होते, हे आई-वडिलांनी एकदा शांतपणे समजून घ्यावे, एवढीच अपेक्षा आहे.

दहावीचा हिशेब

जालना जिल्ह्यातील राज्य मंडळाच्या शाळा छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय मंडळाखाली येतात. दहावीला सर्वसाधारणपणे सहा विषय आणि ६०० गुण असतात. तीन भाषा, प्रत्येकी १०० गुणांच्या. त्यांत ८० गुण लेखी परीक्षेचे आणि २० शाळेतील अंतर्गत मूल्यमापनाचे. गणिताचे बीजगणित ४०, भूमिती ४० आणि अंतर्गत २०. विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे दोन भाग ४०-४० चे आणि २० गुण प्रात्यक्षिकाचे. इतिहास-राज्यशास्त्र ४०, भूगोल ४० आणि अंतर्गत २०.

यात एक सवलत आहे, ती म्हणजे 'बेस्ट ऑफ फाइव्ह'. सहापैकी ज्या पाच विषयांत गुण जास्त, त्यांच्या ५०० वरून टक्केवारी निघते. ही सवलत चांगली आहे, पण तिने एक गैरसमज पसरवला आहे. 'गणित मोजलेच जाणार नाही, मग कशाला जीव काढायचा?' असे मुले म्हणतात. टक्केवारीत गणित मोजले गेले नाही, तरी गुणपत्रिकेवर ते छापलेले असते. आणि अकरावीत विज्ञानाच्या वर्गात बसल्यावर तेच गणित पहिल्या आठवड्यात समोर उभे राहते.

काही वर्षांपूर्वीपर्यंत बीजगणित-भूमितीऐवजी 'सामान्य गणित' घेण्याची मुभा होती. ते सोपे होते, म्हणून अनेक शाळांनी कच्च्या मुलांना, विशेषतः मुलींना, तिकडे वळवले. निकाल वाढले, पण पुढे गणित घेण्याची वाट त्यातून निघत नसे. आता तो पर्याय राहिलेला नाही, तरी 'सोपे ते घ्या' ही सवय मात्र राहिली आहे.

ज्या मुलांना अध्ययन अक्षमता आहे, म्हणजे अक्षरे उलटी दिसणे, आकडे न समजणे अशा अडचणी आहेत, त्यांच्यासाठी मंडळाच्या सवलती आहेत. जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो आणि गणिताऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित घेता येते. त्यासाठी अधिकृत वैद्यकीय प्रमाणपत्र लागते आणि प्रस्ताव शाळेमार्फत वेळेत जावा लागतो. अशा मुलाला 'ढ' म्हणून मारण्यापेक्षा नववीतच तपासणी करून घ्या.

तीन भाषा, तीन कामे

उर्दू माध्यमाच्या मुलाला उर्दू, मराठी आणि इंग्रजी अशा तीन भाषा शिकाव्या लागतात. मराठी माध्यमाच्या मुलाला मराठी, हिंदी आणि इंग्रजी. काही शाळांत हिंदीसोबत अर्धा-अर्धा संयुक्त अभ्यासक्रम असतो. मंडळाच्या भाषांच्या यादीत संस्कृत, पाली, अर्धमागधीप्रमाणे अरबी आणि फारसीही आहेत. पण यादीत असणे आणि शाळेत शिकवला जाणे यात फरक आहे. शिक्षक असेल तरच विषय मिळतो. पालकांनी मिळून वेळेत मागणी केली, तरच मुख्याध्यापक त्याचा विचार करू शकतात.

या भाषा नुसत्या गुणांसाठी नसतात. युनानी वैद्यकाच्या बी.यू.एम.एस. अभ्यासक्रमाला जायचे असेल, तर दहावीतील उर्दू, अरबी किंवा फारसी उपयोगी पडते. पोलीस भरतीची लेखी परीक्षा मराठीतून होते आणि तिच्यात मराठी व्याकरणाचे प्रश्न असतात. राज्य लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतही मराठीला टाळता येत नाही. उर्दू माध्यमाचा मुलगा मराठीत जेमतेम ३५ गुणांवर सुटतो, तेव्हा घरी सगळे 'सुटला' म्हणतात. प्रत्यक्षात तो भरतीच्या रांगेतून त्याच दिवशी मागे पडलेला असतो.

महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कायदा करून पहिली ते दहावीपर्यंत सर्व माध्यमांच्या आणि सर्व मंडळांच्या शाळांत मराठी टप्प्याटप्प्याने सक्तीची केली. आम्ही या विषयाकडे सक्ती म्हणून पाहत नाही. तहसील, दवाखाना, बँक आणि बाजार जिथे मराठीत चालतात, तिथे मराठी ही आपल्या मुलांची रोजी-रोटीची भाषा आहे. उर्दू ही घरातील तहजीब आहे. दोन्ही सांभाळता येतात. आपल्या आजोबांनी सांभाळल्या होत्या.

एका पानाची तीन नावे

झाडाचे पान सूर्यप्रकाशात आपले अन्न तयार करते. उर्दू पुस्तकात त्याला 'जियाई तालीफ' म्हणतात, मराठीत 'प्रकाशसंश्लेषण' आणि अकरावीच्या पुस्तकात 'फोटोसिंथेसिस'. त्रिकोण उर्दूत 'मुसल्लस' असतो, कोन 'जाविया' असतो. दहावीपर्यंत मुसल्लस काढणारी मुलगी अकरावी विज्ञानाला जाते आणि तिथे सगळी पुस्तके इंग्रजीत. तिला भूमिती येत नाही असे नसते. नावे बदललेली असतात, आणि ती विचारायला लाजते.

मराठवाड्याला हा अनुभव नवा नाही. जालना तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. त्यासाठी हैदराबादेत 'दारुल तर्जुमा' म्हणजे भाषांतर विभाग उघडला गेला आणि गणित, वैद्यक, पदार्थविज्ञान यांचे शब्द उर्दूत घडवले गेले. त्या काळी मराठी घरांतील मुले मातृभाषा सोडून उर्दूतून शिकली. १७ सप्टेंबर १९४८ नंतर चित्र उलटले. म्हणजे माध्यम बदलले की हुशार मूलही काही काळ मुके होते, हे या भागातील हिंदू-मुस्लिम दोन्ही घरांनी पिढीच्या फरकाने भोगले आहे.

यावर उपाय आहे आणि तो दहावीनंतरचा नाही. अनेक मराठी आणि उर्दू शाळांत सेमी-इंग्रजीचा पर्याय असतो, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी विषय आपल्या माध्यमातून. मुलाला विज्ञानाकडे पाठवायचे मनात असेल, तर हा विचार आठवीत प्रवेश करतानाच करावा. शाळेत सेमी-इंग्रजी नसेल, तर दहावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत एक वही करावी. एका बाजूला उर्दू किंवा मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. रोज दहा शब्द केले, तरी दोन महिन्यांत सहाशे होतात. अकरावीचा पहिला धक्का त्याने निम्मा होतो.

प्रवेश परीक्षांच्या भाषेबद्दलही माहिती ठेवावी. वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' मराठीतून देता येते आणि २०१८ पासून उर्दूतूनही. राज्याच्या 'एमएचटी-सीईटी'त भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे पेपर इंग्रजी, मराठी किंवा उर्दूतून देता येतात. गणिताचा पेपर मात्र फक्त इंग्रजीत असतो. त्यामुळे अभियांत्रिकीची इच्छा असलेल्या मुलाला गणिताचे इंग्रजी शब्द यायलाच हवेत.

अकरावी: एका दिशेचा रस्ता

बारावी विज्ञान केलेला मुलगा पुढे बी.ए., बी.कॉम. किंवा कायद्याला जाऊ शकतो. बारावी आर्ट्स केलेला अभियांत्रिकीला किंवा फार्मसीला जाऊ शकत नाही. हा रस्ता एका दिशेने चालतो. याचा अर्थ प्रत्येकाने विज्ञानच घ्यावे असा नाही. ज्याला दार बंद करायचे आहे, त्याने ते माहीत असून बंद करावे, इतकाच अर्थ आहे.

विज्ञान शाखेत इंग्रजी सक्तीचे असते. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रासोबत गणित, जीवशास्त्र किंवा दोन्ही घेता येतात. खरी चूक इथे होते. कोणता विषय कशासाठी लागतो, ते लक्षात ठेवा.

डॉक्टर, दंतवैद्य, आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी आणि बी.एस्सी. नर्सिंग यांसाठी भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र लागते. अभियांत्रिकी आणि आर्किटेक्चरसाठी भौतिकशास्त्र आणि गणित सोडून चालत नाही. फार्मसीसाठी भौतिक आणि रसायन हवे, त्यासोबत गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक चालते. शिक्षक होण्यासाठीचा डी.एल.एड., पाच वर्षांचा कायदा आणि बहुतेक स्पर्धा परीक्षा यांना कोणत्याही शाखेची मुले जाऊ शकतात. कॉमर्समध्ये गणित ऐच्छिक असते. ज्याचे गणित बरे आहे त्याने ते तिथेही सोडू नये.

ज्याचे मन अजून ठरलेले नाही, त्याने गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवावेत. मेहनत वाढते, पण दोन्ही दारे उघडी राहतात. २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने बारावीनंतर जीवशास्त्र जादा विषय म्हणून उत्तीर्ण होणाऱ्यांनाही वैद्यकीय प्रवेशासाठी वाट दिली आहे. मात्र ती वाट वेळ आणि पैसा घेते. आधीच विचार केला तर तिची गरज पडत नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहा. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. आज आठ तालुके आहेत. जालना शहर पोलाद आणि बियाण्यांसाठी ओळखले जाते. बियाण्यांतील 'महिको' ही कंपनी १९६४ मध्ये इथेच सुरू झाली. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा परिसर २०१८ मध्ये जालन्यात आला. २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जालन्यात आणि अंबडला शासकीय तंत्रनिकेतन आहे. बदनापूरला कडधान्यांचे संशोधन केंद्र आणि कृषी महाविद्यालय आहे. पोलादाच्या कारखान्यांत आपली कितीतरी माणसे भट्टीपाशी उभी राहून घाम गाळतात. त्याच कारखान्यातील प्रयोगशाळेत लोखंडाचा नमुना तपासणारा माणूस रसायनशास्त्र शिकलेला असतो. दोघांच्या पगारातील अंतर अकरावीच्या फॉर्मवर सुरू झालेले असते.

फॉर्म भरताना

२०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश संपूर्ण राज्यात ऑनलाइन झाला आहे. पूर्वी ही पद्धत मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांतच होती. आता भोकरदन, जाफराबाद, मंठा, परतूर, घनसावंगीच्या मुलांनाही त्यातूनच जावे लागते. फॉर्मचे दोन भाग असतात. पहिल्या भागात स्वतःची माहिती, दुसऱ्या भागात महाविद्यालयांचे पसंतिक्रम. नियमित फेरीत दहापर्यंत पसंती देता येतात.

यात तीन गोष्टी सांभाळा. पहिली, एकाच महाविद्यालयात शाखा, माध्यम आणि अनुदानाचा प्रकार यांनुसार वेगवेगळे पर्याय असतात. अनुदानित, विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित यांच्या फीमध्ये मोठा फरक असतो. नाव तेच दिसते म्हणून चुकीची ओळ निवडू नका. दुसरी, पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावे लागते. म्हणून पहिल्या क्रमांकावर मनापासून हवे असलेलेच लिहा. तिसरी, अल्पसंख्याक दर्जाच्या महाविद्यालयांत त्या समाजासाठी ५० टक्के कोटा असतो. त्याचा अर्ज वेगळा करावा लागतो. तो आपोआप मिळत नाही.

नेट कॅफेवाल्याच्या हातात मोबाईल देऊन 'भरून टाक' म्हणू नका. आधी कागदावर यादी करा, मुलाला वाचून दाखवा, मगच फॉर्म भरा. पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहून ठेवा.

मुलींचा विषय आणि एसटीचा रस्ता

आमच्या पाहण्यात असे येते की मुलाचा विषय गुण ठरवतात आणि मुलीचा विषय अंतर ठरवते. गावात किंवा शेजारच्या गावात फक्त आर्ट्स आहे, म्हणून मुलीला आर्ट्स. दहावीत विज्ञानात तिला भावापेक्षा जास्त गुण असले तरीही. आर्ट्स ही कमी दर्जाची शाखा मुळीच नाही. भूगोल, अर्थशास्त्र, मानसशास्त्र आवडीने शिकणारी मुलगी उत्तम शिक्षिका, वकील, अधिकारी होऊ शकते. पण आवड आणि नाइलाज यांत फरक आहे.

आई-वडिलांची काळजी आम्हाला कळते. रस्ता, वेळ, लोकांचे बोलणे. पण त्यावरही मार्ग आहेत. ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास अहिल्याबाई होळकर योजनेतून मिळतो. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसगाड्या शाळा-कॉलेजच्या मुलींसाठीच आहेत. बस वेळेवर येत नसेल, तर चार पालकांनी आगारप्रमुखांना लेखी अर्ज द्यावा. एकाच गावातील तीन-चार मुलींनी एकाच महाविद्यालयाची पसंती दिली, तर त्यांचे जाणे-येणे एकत्र होते आणि घरच्यांचा जीवही निश्चिंत राहतो.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असावे आणि प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा. म्हणजे बारावीनंतर फी हा अडसर पुष्कळ कमी झाला आहे. अडसर राहतो तो अकरावीत घेतलेल्या विषयाचा आणि कागदांचा.

कागदपत्रे आजपासून

बागवान, कुरेशी, अत्तार, तांबोळी, पिंजारी अशा अनेक मुस्लिम जमाती राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. हा हक्क समाजापर्यंत पोहोचवणारी मुस्लिम ओबीसींची चळवळ आपल्या जालन्याच्याच शब्बीर अन्सारी यांनी उभी केली. तरीही बारावीनंतर प्रवेशाच्या आठवड्यात पालक तहसीलच्या पायऱ्यांवर धावताना दिसतात.

ओबीसी जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणजे बहुधा आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा. अनेक जुन्या नोंदींत जातीच्या रकान्यात केवळ 'मुसलमान' लिहिलेले असते, तर काही नोंदी उर्दूत असतात. मग दुसऱ्या रक्तनात्यातील नोंद शोधणे, भाषांतर करून घेणे, यात महिने जातात. म्हणून मूल नववीत असतानाच हे काम हाती घ्या. जे ओबीसीत येत नाहीत, त्यांनी उत्पन्नाच्या अटीत बसत असल्यास ईडब्ल्यूएस प्रमाणपत्राची चौकशी करावी. मुलाचे नाव आधार, शाळेचा दाखला आणि बँक पासबुकावर एकसारखे आहे का, 'शेख', 'सय्यद' पुढे लिहिले आहे की मागे, हेही पाहा.

गुण कमी पडले तर

एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीने अकरावीत बसता येते आणि पुरवणी परीक्षा त्याच वर्षी होते. ज्याचा हात यंत्रावर चालतो त्याच्यासाठी आयटीआय आहे. पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा करून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. शाळा सुटलेल्या मुलांना, मदरशात शिकलेल्यांना किंवा लवकर कामाला लागलेल्यांना १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या दहावी देता येते. वेल्डिंगचे दुकान असो वा शिलाईचे, दहावीची सनद हातात असेल तर कर्ज, परवाना, आयटीआय सारे सोपे होते.

शेवटी एक विनंती. विषय ठरवण्याच्या दिवशी घरातील सर्वांनी एकत्र बसावे. मुलाला आधी बोलू द्यावे, मुलीला त्याहून आधी. मग तीन प्रश्न विचारावे. तुला काय आवडते? तुला काय येते? हा विषय सोडला तर कोणते दार बंद होईल, आणि ते बंद झाल्याचे दुःख तुला होईल का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर घरात कोणाकडेच नसेल, तर शाळेच्या गुरुजींकडे जावे, तंत्रनिकेतनात जाऊन विचारावे, ज्याची मुले शिकली आहेत अशा शेजाऱ्याकडे जावे, मग तो कोणत्याही धर्माचा असो. विचारण्यात कमीपणा नाही. इल्म मागणाऱ्याची मान झुकत नसते.

दहावीच्या परीक्षेला अजून अवधी आहे. या महिन्यात फक्त एवढे करा. मुलाचे गणिताचे पुस्तक उघडून त्याच्या शेजारी बसा. तुम्हाला त्यातले काही कळले नाही तरी चालेल. तुम्ही बसलेले त्याला कळेल.